शेटलंडची बस

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे हा देश जर्मन फौजांच्या ताब्यात गेला. त्या काळात नॉर्वेच्या काही मच्छीमारांनी आपल्या लहान होड्यांतून शेकडो माणसांना संकटातून बाहेर काढले. त्यांच्या कामाची ओळख या पाठात करून दिली आहे.

मुलांनो, बस म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? थांबा, तिकीट, खिडकीजवळची जागा आणि ठरलेले वेळापत्रक. पण आज तुम्हांला एका निराळ्याच बसची माहिती करून घ्यायची आहे. या बसला चाके नव्हती. तिचे तिकीट कोणी फाडत नसे. तिची वेळ कोठेही लिहिलेली नसे आणि ती कोठे थांबणार, हे मोजक्याच माणसांना ठाऊक असे. तिचा रस्ता खवळलेल्या समुद्रातून जात होता. तिच्यात बसू पाहणारा माणूस पकडला गेला, तर त्याला मरणाची शिक्षा होऊ शकत असे. ही बस म्हणजे मासे पकडण्याच्या काही लाकडी होड्या होत्या. लोक त्यांना 'शेटलंडची बस' म्हणत.

आपला नकाशा उघडा आणि युरोप खंडाचा उत्तर भाग पाहा. नॉर्वे हा लांबट, चिंचोळा देश तुम्हांला दिसेल. त्याचा पश्चिम किनारा एखाद्या फाटक्या कापडाच्या काठासारखा आहे. उंच कड्यांच्या मधून समुद्राचे पाणी दूरवर आत शिरले आहे. अशा खाड्यांना 'फियॉर्ड' म्हणतात. किनाऱ्यासमोर हजारो लहानमोठी बेटे आणि खडक आहेत. आता नॉर्वेच्या पश्चिमेला उत्तर समुद्रात बोट फिरवा. स्कॉटलंडच्या उत्तरेला ठिपक्यांसारखी काही बेटे दिसतील. ती शेटलंड बेटे होत. ती ब्रिटनच्या ताब्यात होती आणि आजही आहेत. नॉर्वेचा किनारा आणि शेटलंड यांच्यामध्ये सुमारे ३०० किलोमीटर उघडा समुद्र पसरला आहे.

तुमच्या उर्दू भाषेत 'दरिया' म्हणजे नदी. तोच शब्द मराठीत 'दर्या' झाला आणि त्याचा अर्थ झाला समुद्र. नदीचा दुसरा काठ बहुधा दिसतो, समुद्राचा दिसत नाही. या पाठातील माणसांना काठ न दिसणारा दर्या पार करायचा होता, तोही रात्रीच्या अंधारात आणि मागे शत्रू असताना.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. नॉर्वेचे सैन्य लहान होते. त्याने सुमारे दोन महिने लढा दिला. पण जर्मनीच्या ताकदीपुढे त्याचा निभाव लागला नाही. राजे सातवे हाकोन शरण गेले नाहीत. जून महिन्यात ते आपल्या मंत्र्यांसह ब्रिटनला गेले आणि तेथून देशाचा कारभार पाहू लागले. नॉर्वेत मात्र जर्मन अधिकाऱ्यांचे राज्य सुरू झाले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. १९४१ साली लोकांच्या घरांतील रेडिओ जप्त करण्यात आले. गेस्टापो नावाचे जर्मनीचे गुप्त पोलीस घरोघरी झडत्या घेऊ लागले. विरोध करणाऱ्यांना पकडून तुरुंगात आणि छळछावण्यांत डांबले जाऊ लागले.

अशा वेळी अनेकांना देश सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कोणाच्या मागे गेस्टापो लागले होते. कोणी चोरून वर्तमानपत्रे छापली होती, तर कोणी शत्रूच्या जहाजांच्या हालचाली गुप्तपणे ब्रिटनला कळवल्या होत्या. काही तरुणांना ब्रिटनला जाऊन आपल्या राजाच्या सैन्यात भरती व्हायचे होते. काही ठिकाणी बाप आधीच पळून गेलेला असे आणि मागे राहिलेल्या बायकामुलांना छळाची भीती वाटत असे. आपले घर, आपले गाव सोडून दुसऱ्या देशात आसरा शोधणाऱ्या अशा माणसांना मराठीत 'निर्वासित' म्हणतात. तुम्ही उर्दूत ज्याला 'पनाह' म्हणता, ती शोधत ही माणसे निघाली होती.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला पळून जाण्याचा एकच मार्ग जवळचा वाटे, तो म्हणजे समुद्र. म्हणून १९४० सालापासूनच लोक मिळेल त्या होडीत बसून पश्चिमेकडे निघू लागले. कोणी मासेमारीच्या होड्या घेतल्या, कोणी लहान शिडाच्या नावा घेतल्या. काही जण तर वल्ह्यांच्या होडीतून निघाले. पुष्कळ जण शेटलंडला पोहोचले. काही होड्या मात्र निघाल्या, त्या पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत. हा ओघ थांबवण्यासाठी जर्मन अधिकाऱ्यांनी १९४१ साली फर्मान काढले, की शत्रूच्या देशात पळून जाण्याचा प्रयत्न करणाऱ्यास मृत्युदंड दिला जाईल. लोकांचे जाणे तरीही थांबले नाही.

शेटलंडला पोहोचलेल्या या होड्यांमध्ये उत्तम बांधणीच्या अनेक होड्या होत्या. त्या चालवणारे खलाशी होते. त्यांना नॉर्वेचा किनारा तळहातासारखा माहीत होता. तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी विचार केला, की याच होड्या आणि हेच खलाशी पुन्हा नॉर्वेला पाठवता आले तर? जाताना होडीतून गुप्त कामगिरीवरची माणसे, बंदुका, दारूगोळा आणि बिनतारी संदेशयंत्रे न्यावीत. येताना संकटात सापडलेल्या माणसांना घेऊन यावे. या कामासाठी शेटलंडमध्ये एक लहानसा तळ उभारण्यात आला. सैन्यातील अधिकारी लेस्ली मिचेल हे त्याचे प्रमुख होते. नौदलातील तरुण अधिकारी डेव्हिड हॉवर्थ हे त्यांचे सहायक होते. युद्ध संपल्यावर याच हॉवर्थ यांनी या कामाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. ते पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले.

पहिला तळ लुना नावाच्या एका एकाकी जागी होता. तेथे एक जुना वाडा आणि सुरक्षित खाडी होती. आसपास वस्ती फारशी नसल्यामुळे गुप्तता राखणे सोपे जाई. परंतु वादळात मोडलेल्या होड्या दुरुस्त करण्याची सोय तेथे नव्हती. म्हणून १९४२ साली तळ स्कॅलोवे या मच्छीमारांच्या गावी हलवण्यात आला. तेथे यंत्रदुरुस्तीचा कारखाना होता. होड्या पाण्याबाहेर ओढून घेण्यासाठी नवा उतरता धक्का बांधण्यात आला. त्याला नॉर्वेचे युवराज ओलाव्ह यांचे नाव देण्यात आले. गावातील लोकांना नॉर्वेचे हे परके तरुण रोज दिसत. कधी होडी जाई, कधी येई, कधी परत येतच नसे. काय चालले आहे, याचा अंदाज गावाला नक्कीच असेल. पण गावाने तोंड मिटून ठेवले. एवढ्या मोठ्या कामात गप्प राहणे हीसुद्धा एक मोठी मदत असते.

आता या होड्या कशा होत्या ते पाहू. त्यांची लांबी साधारणपणे १५ ते २० मीटर असे. त्यांना दोन डोलकाठ्या असत आणि खाली डिझेलसारख्या तेलावर चालणारे एक इंजिन असे. बहुतेक इंजिनांना एकच सिलिंडर होता. इंजिन सुरू करण्यापूर्वी त्याचा वरचा भाग दिव्याच्या ज्योतीने चांगला तापवावा लागे. म्हणजे घाईच्या वेळी चटकन निघता येत नसे. एकदा सुरू झाले, की 'टॉंक, टॉंक, टॉंक' असा त्याचा ठोका लांबपर्यंत ऐकू जाई. होडीचा वेगही फार नव्हता. शेटलंडहून नॉर्वेच्या जवळच्या किनाऱ्याला पोहोचायला साधारण एक दिवस आणि एक रात्र लागे. उत्तर नॉर्वेला जायचे तर कित्येक दिवस समुद्रात काढावे लागत.

तुम्ही विचाराल, की मग इतक्या हळू आणि आवाज करणाऱ्या होड्या का वापरल्या? याचे कारण अगदी साधे होते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर अशा शेकडो होड्या रोज मासे पकडत होत्या. जर्मन सैन्यालाही मासे हवे असत, म्हणून मासेमारी बंद करणे त्यांना परवडणारे नव्हते. वेगवान युद्धनौका आली असती, तर पहारेकऱ्यांनी लगेच तोफा डागल्या असत्या. मासेमारी होडी मात्र इतर होड्यांत सहज मिसळून जाई. तिचा तो 'टॉंक टॉंक' आवाजही किनाऱ्यावर सर्वांच्या ओळखीचा होता. खलाशीसुद्धा आपले नेहमीचे लोकरी स्वेटर आणि मच्छीमारांचे कपडे घालून जात. स्वतःच्या रक्षणासाठी त्यांनी होडीवर मशीनगन बसवल्या होत्या. पण त्या तेलाच्या पिंपांत लपवलेल्या असत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, की होडीवर तेलाची पिंपे ठेवली आहेत.

दुसरा प्रश्न तुमच्या मनात येईल, तो वेळेचा. या फेऱ्या उन्हाळ्यात शांत समुद्रात का केल्या नाहीत? याचे उत्तर भूगोलात आहे. शेटलंड बेटे ६० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. तेथे जून महिन्यात रात्री पुरता अंधारही पडत नाही. आणखी उत्तरेला तर मध्यरात्रीही सूर्य दिसतो. अशा उजेडात होडी विमानातून लगेच दिसली असती. हिवाळ्यात मात्र दिवस सहा तासांच्या आसपास असतो आणि बाकी सारा अंधार असतो. हा अंधार खलाशांचे रक्षण करी. परंतु उत्तर समुद्रातील सर्वांत भयंकर वादळे हिवाळ्यातच होतात. उन्हाळ्यात शत्रूची भीती आणि हिवाळ्यात समुद्राची. खलाशांनी समुद्राची भीती पत्करली. दरवर्षी शरद ऋतूत फेऱ्या सुरू होत आणि वसंत ऋतूत रात्री लहान झाल्या, की बंद होत.

अशी एक फेरी कशी होत असेल, याची आता कल्पना करा. होडीत सात-आठ खलाशी आहेत. बहुतेकांचे वय विशी-पंचविशीचे आहे. तांडेल होकायंत्रावर नजर ठेवून सुकाणू धरतो. लाटा होडीवरून जातात. कपडे ओले होतात आणि थंडीने बोटे बधिर होतात. दुसऱ्या दिवशी अंधार पडण्याच्या सुमारास किनारा जवळ येतो. एरवी किनाऱ्यावरची दीपगृहे वाट दाखवतात. पण युद्धामुळे त्यांतील पुष्कळशी विझवलेली आहेत. पाण्याखाली खडक आहेत. अशा वेळी नकाशापेक्षा आठवण उपयोगी पडते. एखादा खलाशी लहानपणी आपल्या वडिलांबरोबर याच खाडीत मासे पकडायला आलेला असतो. अंधारात दिसणाऱ्या डोंगराच्या आकारावरून तो जागा ओळखतो. शाळेत किंवा सैन्यात कोणी शिकवू शकणार नाही, असे हे ज्ञान होते. ते त्याला रोजच्या कामातून मिळाले होते.

किनाऱ्यावर कोणीतरी वाट पाहत असते. होडी येणार ही खबर त्यांना कधी लंडनच्या रेडिओवरून मिळालेली असते. नॉर्वेच्या भाषेतील बातम्यांबरोबर काही वाक्ये सांगितली जात. इतरांना ती निरर्थक वाटत. पण ज्याला खूण ठाऊक असे, त्याला नेमका अर्थ कळे. ज्यांनी आपला रेडिओ लपवून ठेवला होता, ते जिवावर उदार होऊन ही वाक्ये ऐकत. मग रात्री एखाद्या कोठारातून किंवा एखाद्या शेतघरातून निर्वासित बाहेर पडत. सामान फारसे नसे. लहान मुलांना आवाज न करण्याविषयी बजावलेले असे. पेट्या उतरवल्या जात, माणसे चढत आणि पहाट होण्यापूर्वी होडी किनाऱ्यापासून शक्य तितकी दूर जाई.

होडीच्या पोटात, जेथे एरवी मासे भरत, तेथे आता माणसे बसलेली असत. खाली तेलाचा आणि माशांचा वास, वर लाटांचा मारा. पुष्कळांना समुद्र लागे. बाहेर काय चालले आहे, ते दिसत नसे. एकच गोष्ट ऐकू येई, ती म्हणजे इंजिनाचा ठोका. तो ठोका चालू आहे तोवर आपण शेटलंडच्या जवळ जात आहोत, एवढेच त्यांना कळत असे. शेटलंडला उतरल्यावर त्यांची चौकशी होई, कारण निर्वासितांच्या वेषात शत्रूचा हेर येण्याची शक्यता असे. खात्री पटली, की ते ब्रिटनमध्ये मोकळे होत. खलाशांसाठी मात्र काम संपलेले नसे. होडीची दुरुस्ती करायची, तेल भरायचे आणि पुन्हा त्याच किनाऱ्याकडे निघायचे.

येथे जरा थांबून विचार करा. निर्वासित हा प्रवास एकदाच करत होता आणि तो संकटाकडून सुरक्षित जागी जात होता. खलाशी मात्र आधीच सुरक्षित जागी पोहोचलेला होता. त्याने तेथेच राहायचे ठरवले असते, तर कोणी त्याला दोष दिला नसता. तरीही तो दर खेपेला सुरक्षित जागेकडून संकटाकडे जात होता. एकदा धाडस करणे कठीण असतेच. पण भीती म्हणजे काय हे कळल्यानंतर पुन्हा पुन्हा तेच धाडस करणे त्याहून कठीण असते.

या कामाची किंमत फार मोठी होती. नोव्हेंबर १९४१ मध्ये 'ब्लिया' नावाची होडी निर्वासितांना घेऊन नॉर्वेहून निघाली. खलाशी आणि निर्वासित मिळून तिच्यावर ४० हून अधिक माणसे होती. वाटेत भयंकर वादळ झाले. होडी शेटलंडला पोहोचलीच नाही. तिच्यावरील एकही माणूस वाचला नाही. १९४२ च्या अखेरीपासून १९४३ च्या वसंतापर्यंतचा हिवाळा सर्वांत वाईट गेला. एकामागून एक होड्या बुडाल्या. काही वादळात गेल्या, तर काही जर्मन विमानांनी बुडवल्या. अनेक अनुभवी तांडेल आणि खलाशी त्या एका हिवाळ्यात मृत्युमुखी पडले.

मार्च १९४३ मध्ये 'ब्राटहोल्म' नावाची होडी १२ जणांना घेऊन उत्तर नॉर्वेला गेली. त्यांच्यापैकी आठ खलाशी होते आणि चार जण गुप्त कामगिरीवर निघाले होते. तेथे त्यांना एका विश्वासू दुकानदाराला भेटायचे होते. तो दुकानदार मरण पावला होता आणि त्याच नावाचा दुसरा माणूस दुकान चालवत होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी आपले गुपित त्याला सांगितले. तो घाबरला. हे लोक आपली परीक्षा घेण्यासाठी आलेले जर्मनांचे हेर तर नसतील ना, अशी शंका त्याला आली आणि त्यांची खबर अधिकाऱ्यांपर्यंत गेली. जर्मनांची नौका आली. १२ पैकी ११ जण मारले गेले. यान बोल्सरूद हा एकटा तरुण बर्फातून निसटला. वाटेतल्या गावकऱ्यांनी आपल्या जिवाची पर्वा न करता त्याला सुमारे दोन महिने लपवले, खाऊ घातले आणि शेवटी शेजारच्या स्वीडन देशात पोहोचवले. एका माणसाच्या भीतीने ११ जणांचा बळी गेला आणि अनेकांच्या निर्भयतेने एकाचा जीव वाचला. परंतु त्या भ्यालेल्या माणसाला नावे ठेवण्यापूर्वी तुम्ही पुढील हकीकत वाचा, म्हणजे लोकांना कशाची भीती वाटत होती, हे तुम्हांला समजेल.

बर्गन शहराच्या पश्चिमेला समुद्रकाठी तेलावोग नावाचे लहान गाव आहे. शेटलंडहून येणाऱ्या होड्यांचे ते एक ठिकाण होते. एप्रिल १९४२ मध्ये तेथे आलेल्या दोन माणसांना एका कुटुंबाने आपल्या घरी आसरा दिला. गेस्टापोला ही बातमी लागली. २६ एप्रिलला पहाटे त्यांनी घरावर छापा घातला. गोळीबार झाला आणि त्यात गेस्टापोचे दोन अधिकारी ठार झाले. याचा सूड भयंकर होता. नॉर्वेवर राज्य करणारा जर्मन अधिकारी योसेफ टेरबोवेन स्वतः तेथे आला. गावातील घरे जाळून आणि स्फोटके लावून पाडण्यात आली. होड्या बुडवल्या गेल्या किंवा जप्त झाल्या. गुरेढोरे नेण्यात आली. १६ ते ६० वर्षे वयाच्या ७२ पुरुषांना जर्मनीतील साक्सेनहाउसेन येथील छळछावणीत पाठवले. त्यांच्यापैकी ३१ जण पुन्हा घरी आले नाहीत. बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांना कैदेत ठेवले. एवढ्यावरही सूड संपला नाही. ब्रिटनला पळून जाण्याच्या प्रयत्नात पकडलेल्या १८ तरुणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचा तेलावोगच्या घटनेशी काहीही संबंध नव्हता.

म्हणून ही कथा केवळ होडीवरच्या खलाशांची नाही. ज्याने आपल्या कोठारात निर्वासिताला लपवले, ज्या बाईने अनोळखी माणसासाठी रात्री चूल पेटवली, ज्या मुलाने शाळेत काही सांगितले नाही, ते सर्व या कथेत आहेत. खलाशी निघून जात होता; पण ही माणसे तेथेच राहत होती.

आता एका खलाशाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव लेइफ लार्सन. त्याचा जन्म १९०६ साली बर्गन येथे झाला. तो १९४१ साली शेटलंडला पोहोचला आणि पुढे उत्तम तांडेल म्हणून प्रसिद्ध झाला. मार्च १९४३ मध्ये तो 'बर्गहोल्म' ही होडी घेऊन उत्तर नॉर्वेहून परत येत होता. भर समुद्रात जर्मनीच्या दोन विमानांनी होडीवर गोळ्यांचा वर्षाव केला. आठ खलाशांपैकी बहुतेक जण जखमी झाले. होडी बुडू लागली. तेव्हा सर्वांनी लहान वल्ह्यांच्या होडीचा आश्रय घेतला. तिलाही गोळ्यांनी भोके पडली होती. ती बुजवून, पाणी उपसत ते कित्येक दिवस वल्ही मारत राहिले. वाटेत एका जखमी सोबत्याने प्राण सोडला. शेवटी ते नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले. तेथील गावकऱ्यांनी त्यांना लपवले आणि काही आठवड्यांनी ब्रिटनहून आलेल्या एका नौकेने त्यांना परत नेले. आजवर इतरांना सोडवून आणणारा लार्सन या वेळी स्वतःच निर्वासित झाला होता.

परत गेल्यावर लार्सनने काय केले असेल? तो पुन्हा कामावर रुजू झाला. युद्ध संपेपर्यंत त्याने नॉर्वेच्या ५२ फेऱ्या केल्या. ब्रिटनने त्याला अनेक उच्च शौर्यपदके दिली. १९५४ साली या खलाशांवर एक नॉर्वेजियन चित्रपट निघाला. त्यात लार्सनने स्वतःचीच भूमिका केली. १९९० साली त्याचे निधन झाले.

१९४३ च्या हिवाळ्यानंतर एक गोष्ट स्पष्ट झाली, की लाकडी होड्यांनी हे काम पुढे चालवता येणार नाही. शत्रूचा पहारा वाढला होता. त्या वर्षाच्या शेवटी अमेरिकेने तीन वेगवान नौका दिल्या. पाणबुड्यांचा पाठलाग करण्यासाठी बांधलेल्या या नौकांची लांबी सुमारे ३४ मीटर होती. नॉर्वेतील बेटांवरून त्यांना 'हित्रा', 'विग्रा' आणि 'हेसा' अशी नावे दिली. 'विग्रा'चा कप्तान लार्सन होता. या नौका अंधारात झपाट्याने जाऊन झपाट्याने परत येत. युद्ध संपेपर्यंत त्यांनी शंभराहून अधिक फेऱ्या केल्या आणि त्यांतील एकही नौका बुडाली नाही.

मे १९४५ मध्ये नॉर्वे स्वतंत्र झाला आणि या बसचे काम संपले. तोपर्यंत तळावरील होड्या आणि नौका यांनी मिळून नॉर्वेच्या १९८ फेऱ्या केल्या होत्या. त्यांनी गुप्त कामगिरीवरची १९२ माणसे आणि ३८३ टन शस्त्रे व सामान नॉर्वेत पोहोचवले. तेथून गुप्त कामगिरीवरची ७३ माणसे आणि ३७३ निर्वासित बाहेर काढले. या कामात तळावरच्या ४४ जणांनी आपले प्राण गमावले.

महायुद्धात कोट्यवधी माणसे मेली. त्या मानाने ३७३ हा आकडा तुम्हांला लहान वाटेल. पण आपल्या वर्गातील मुले मोजा. ३७३ म्हणजे असे कितीतरी वर्ग भरतील. त्यांच्यापैकी प्रत्येकासाठी कोणीतरी वादळात होडी घातली होती. आणि त्या खलाशाने बहुधा त्या प्रवाशाचे खरे नावही विचारले नव्हते. त्या काळात नाव न विचारण्यातच दोघांचे हित होते.

आज तेलावोग गाव पुन्हा उभे राहिले आहे. तेथे या समुद्रप्रवासांची माहिती देणारे संग्रहालय आहे. 'हित्रा' ही नौका दुरुस्त करून जपून ठेवली आहे. स्कॅलोवेच्या किनाऱ्यावर २००३ साली एक स्मारक उभारले गेले. त्यावर त्या ४४ जणांची नावे कोरली आहेत. त्यांतील बहुतेक जण सैनिक होण्यासाठी जन्मलेले नव्हते. जाळे कसे टाकावे, वारा कसा ओळखावा आणि इंजिन बंद पडले तर काय करावे, एवढेच त्यांना येत होते. गरज पडली तेव्हा त्यांनी तेच ज्ञान माणसे वाचवण्यासाठी वापरले.

तुमच्याही हातात एखादे काम असेल. कोणाला पोहता येत असेल, कोणाला सायकल दुरुस्त करता येत असेल, कोणाला आजारी माणसाची सेवा करता येत असेल. ते काम मनापासून शिका. ते कधी, कोणासाठी उपयोगी पडेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.